शकुंतलेचे रूळ आणि काळ्या मजुरांचा पियानो

दारव्हा-मोतीबाग स्टेशनावर आता शकुंतला येत नाही. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची लाईन किलिक निक्सन या इंग्रजी कंपनीने गेल्या शतकाच्या सुरुवातीला टाकली. वऱ्हाडातला कापूस मुंबई बंदराकडे न्यावा, हा तिचा हेतू. मँचेस्टरला १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत तिला ओढत होते. मग डिझेल आले आणि पुढे तेही थांबले. तिचा खडखडाट मात्र आमच्या पिढीच्या कानात अजून आहे.

त्या रुळांजवळ उभा असताना मला सातासमुद्रापलीकडच्या अशाच एका खडखडाटाची आठवण झाली. १९९६ साली टीव्हीवर सुरू झालेल्या नाचाच्या कार्यक्रमामुळे 'बुगी-वुगी' हा शब्द आपल्या मुलांना पाठ झाला. पण तो आला कुठून?

अमेरिकेतील टेक्सासमध्ये १८६५ साली गुलामगिरी संपली. माणूस मुक्त झाला, पण त्याला जमीन मिळाली नाही. तो लाकूडतोडीच्या छावण्यांत आणि रेल्वेच्या कामावर मजूर झाला. छावणीतल्या गुत्त्यात एखादा जुना पियानो असे. दिवसभराच्या कष्टानंतर त्यावर जे वाजू लागले, त्यातून बुगी-वुगी घडली. डाव्या हाताने एकच फेर पुन्हा पुन्हा वाजवायचा, एका आवर्तनात आठ ठोके. उजव्या हाताने त्यावर चाल खेळवायची. डावा हात म्हणजे जणू आगगाडीची चाकेच! आपल्या ढोलकीवाल्याला आठ मात्रांचा केरवा ठाऊक आहे. वजन वेगळे असले, तरी त्यातली ओढ त्याला परकी वाटणार नाही.

पुढे पोटासाठी ही माणसे शिकागोसारख्या शहरांत गेली. तिथल्या मीड लक्स लुईसने १९२७ साली आगगाडीवरच रचलेली धून रेकॉर्ड केली. तरीही त्याच्यावर मोटारी धुण्याची पाळी आली. पाईनटॉप स्मिथने डिसेंबर १९२८ मध्ये बुगी-वुगी हे नाव असलेली रचना रेकॉर्ड केली आणि पुढच्याच वर्षी तो गोळी लागून मेला. १९३८ साली लुईस, अल्बर्ट अॅमन्स आणि पीट जॉन्सन न्यूयॉर्कच्या मानाच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवायला बसले, तेव्हा कुठे सुशिक्षितांनी कान दिला.

पण छावणीत पहिल्यांदा वाजवणारा तो मजूर कोण? त्याचे नाव कुणी लिहून ठेवले नाही.

बाबासाहेबांनी १९४६ साली काळ्यांचे नेते डू बॉईस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रसंघाकडे त्या बांधवांनी केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. दोन्हीकडचे दुःख एकमेकांना ओळखत होते. मग त्यांच्या चुकीतून आपण शिकू नये काय?

वामनदादा कर्डकांचे नाव आज घराघरात आहे. पण आपल्या वस्तीत पेटी-ढोलकी घेऊन रात्र जागवणारे, दिवसा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलणारे गायक? त्यांची गाणी कुणाच्या वहीत आहेत? बांधवांनो, येत्या पौर्णिमेला विहारात एक वही ठेवा. वृद्धांना विचारून नाव, गाव आणि गाणे लिहा. गाडी बंद पडली तर रूळ तरी दिसतात. गाणारा गेला आणि नावही गेले, तर मागे काहीच उरत नाही.

जयभीम!