पालखीच्या वाटेवरची परेड

राष्ट्रीय छात्रसेनेचा कायदा १९४८ साली झाला, चीनच्या युद्धानंतर १९६३ पासून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ती सक्तीची करण्यात आली आणि १९६८ साली ती पुन्हा ऐच्छिक झाली. शाळेत तुकडी चालविणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकाला या तीन सालांपैकी शेवटचे सर्वांत मोलाचे वाटते. कारण जो मुलगा स्वखुशीने रांगेत उभा राहतो, त्यालाच पुढे रांगेसमोर उभे करता येते.

सुपे हे एके काळी शहाजीराजांच्या जहागिरीतल्या परगण्याचे ठाणे. आज ते बारामती तालुक्याच्या जिराईत टापूतले गाव. खाली नीरेच्या कालव्यावर ऊस उभा असतो, इकडे ज्वारी, बाजरी आणि मेंढरे यांवर संसार चालतो. माझ्या तुकडीतली निम्मीअधिक मुले वाड्यावस्त्यांवरून सायकलने येतात, आणि त्यांतली कित्येक घरी धारा काढून, गुरांना वैरण घालून मगच खाकी गणवेश चढवितात. अशा मुलाला जबाबदारी म्हणजे काय हे नव्याने शिकवावे लागत नाही. शिकवावा लागतो तो आवाज, आपल्याच वयाच्या चाळीस मुलांपुढे न चाचरता निघणारा.

त्या आवाजाची तालीम मोठी चिकाटीची आहे. ‘पीछे’ हा इशारा मिळाल्यावर आणि ‘मुड’ हा हुकूम सुटण्यापूर्वी जो क्षणभर विराम असतो, त्यात सगळी तुकडी सावध होते. तो विराम आखडला तर मागच्या रांगेची धांदल उडते आणि लांबला तर पुढच्यांचे लक्ष ढळते. चालत्या तुकडीला ‘थम’ म्हणायचे ते डावा पाय जमिनीला टेकताना, म्हणजे हुकूम देणाऱ्याने दुसऱ्यांची पावले आपल्या अंगात मोजीत राहिले पाहिजे. अधिकार गाजविण्याआधी ज्यांच्यावर तो चालायचा त्यांच्या चालीशी एकरूप व्हावे लागते, हे चौदा वर्षांच्या पोराला भाषणाने पटत नाही, मैदानावर मात्र आठवडाभरात पटते. त्या काळात शिक्षकाने ध्वजस्तंभापाशी उभे राहावे आणि तोंड बंद ठेवावे. नायकाच्या डोक्यावरून तुकडीला सूचना देणे यासारखा दुसरा घात नाही. जे सांगायचे ते परेड विसर्जित झाल्यावर, बाजूला घेऊन, हळू आवाजात सांगावे, असा शिरस्ता मी कटाक्षाने पाळतो.

पण मैदानावरचा हुकूम ऐकला जातो तो तेथे ऐकण्याचा करार आधीच झालेला असतो म्हणून. तसा करार नसलेल्या ठिकाणी काय करावे, याचे शिक्षण आमच्या मुलांना आषाढी वारीतच मिळते. तुकाराम महाराजांची पालखी रोटीचा घाट चढून उंडवडी गवळ्याची येथे मुक्कामास येते आणि मग बारामतीकडे निघते. त्या वाटेवर आमची मुले पाण्याच्या पिंपांपाशी आणि वळणावळणावर तैनात असतात. एका वर्षी वळणाची जबाबदारी नववीतल्या एका मुलीकडे दिली होती. कॉर्पोरलची फीत नुकतीच लागलेली, घरची मेंढरे वळणारी, वर्गात एरवी अबोल. समोरून दिंड्यांमागून दिंड्या येत होत्या, मागे पाण्याचा टँकर अडला होता, आणि वारकऱ्यांना ‘थम’ म्हणण्याचा अधिकार जगात कोणालाच नाही. तिने आधी टाळांचा ठेका सरेपर्यंत वाट पाहिली, मग दिंडीच्या विणेकऱ्याला वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, “माऊली, जरा डाव्या अंगानं घ्या, मागं पाणी आलंय.” विणेकरी डावीकडे वळले, त्यांच्यामागे सारी दिंडी वळली. मी रस्त्याच्या पलीकडे होतो. पुढे होण्याची मला गरज पडली नाही. परेडमध्ये पावले मोजायला शिकलेल्या त्या मुलीने अभंगाचा ठेका मोजला होता. माझ्या मते ती त्या दिवशी नायक झाली. फीत त्याआधीच लागली होती, एवढेच.

बाकी उपक्रम नेहमीचेच : वृक्षारोपण, ग्रामस्वच्छता, आमच्या शिवेलगतच्या मयूरेश्वर अभयारण्याच्या कडेने प्लास्टिक वेचणे. अशा ठिकाणी गोंगाट न करता काम करायला लावणे हेही नायकाचेच कसब, कारण चिंकारा फार बुजरे जनावर. दोन वर्षांनी ‘ए’ प्रमाणपत्र मिळते, त्याचा पुढे उपयोग होतो, आणि पालकांना तो सांगितलाही पाहिजे. परंतु केवळ प्रमाणपत्रासाठी आलेला मुलगा मी रांगेच्या मध्यभागी ठेवतो, आणि त्याच्यात दुसऱ्याकडे पाहण्याची सवय जागी होईपर्यंत थांबतो.

आज अडचण आहे ती मुलांची नव्हे, शिक्षकांची. अनेक शाळांतून मुले तुकडीसाठी तयार असतात आणि ती चालविण्यास कोणी पुढे येत नाही. वेळ जातो, दप्तराचे काम वाढते, हेही खोटे नाही. तरीही जिराईत गावांतल्या तरुण शिक्षक-शिक्षिकांना माझी कळकळीची विनंती आहे की त्यांनी मुख्याध्यापकांकडे आपणहून नाव द्यावे, कामठीला किंवा ग्वाल्हेरला जाऊन प्रशिक्षण पुरे करावे, आणि परतल्यावर पहिली फीत लावताना वर्गातल्या अबोल मुलांची नावे आधी वाचावीत.