दोन तृतीयांश, पण कशाचे?

१९८८ साली मी भोसरी एमआयडीसीतल्या एका लहानशा फॅब्रिकेशन शॉपमध्ये हेल्पर म्हणून लागलो. दहावीला गणितात बरे गुण होते, त्यामुळे आकडेमोड माझ्याकडे आली. पत्रा कापायच्या शेअरिंग मशीनवर एक वयस्कर कारागीर होते, सगळे त्यांना मामा म्हणत. शाळा चौथीपर्यंतची, पण पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ.

एका दुपारी पाच फुटी पट्ट्या आल्या. एकेका पट्टीतून पाऊण फुटाचे तुकडे काढायचे होते आणि जमल्यास उरलेल्यातून आठ इंची क्लीट. मी कागदावर मांडलं: ५ ÷ ३/४. भाजक उलटा करून गुणलं, २०/३ आले. सहा पूर्णांक दोन तृतीयांश. म्हणजे सहा तुकडे, आणि फुटाचा दोन तृतीयांश, आठ इंच, शिल्लक. बरोब्बर क्लीटएवढे! मामा जेवायला गेले होते. मी मार्किंग करून दुसऱ्या ऑपरेटरकडून दहा पट्ट्या कापून घेतल्या. उरलेले तुकडे शेवटी मोजले. प्रत्येक सहाच इंच.

मालक आले तेव्हा मामा म्हणाले, "मार्किंग माझं होतं." एवढंच. दहा क्लीटचा पत्रा नव्याने घ्यावा लागला, बोलणी त्यांनी खाल्ली. मी मान खाली घालून उभा होतो.

शिफ्ट सुटल्यावर त्यांनी माझा कागद मागितला.

"उत्तर बरोबर आहे की रे. दोन तृतीयांश, पण कशाचे?"

मला बोलता येईना. त्यांनी खडूने फरशीवर रेघ ओढली. "फुटाचे पाव कर. पाच फुटांचे किती?"

"वीस."

"आपला तुकडा किती पावांचा?"

"तीन."

"मग तीन-तीनच्या जुड्या बांध."

सहा जुड्या झाल्या, वर दोन पाव राहिले. दोन पाव म्हणजे अर्धा फूट, सहा इंच. पण जुडीला तीन पाव लागतात, म्हणून ते जुडीचे दोन तृतीयांश. फुटाचे नव्हेत. मी भागाकाराचं उत्तर फुटांत वाचलं होतं, आणि ते तुकड्यांत होतं.

त्या संध्याकाळी पीसीएमटीच्या बसमध्ये उभ्या-उभ्या मला आणखी एक गोष्ट दिसली. शाळेत 'उलटा करा आणि गुणा' एवढंच घोकलं होतं. आता कळलं की चारने गुणलं ते फुटांचे पाव करायला, आणि तीनने भागलं ते जुड्या बांधायला. छेद वर आणि अंश खाली का जातो, ते त्या खडूच्या रेघेत होतं. भागायची राशीही अपूर्णांक असली तरी रीत तीच: १/२ ÷ ३/४ म्हणजे दोन पावांत तीन पाव कितीदा? एकदाही पुरते नाहीत, दोन तृतीयांश वेळा. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती'त हाच नियम दिला आहे, भाजकाचे अंश-छेद उलटवून गुणायचं. ते मी फार उशिरा वाचलं, आणि वाचताना डोळ्यांपुढे भोसरीतली फरशीच होती.

पुढे मी चाकणला गेलो. आता पत्र्यावर किती तुकडे बसतील ते संगणकच मांडून दाखवतो. तरी नवीन पोरगा उरलेला भाग सांगू लागला की माझ्या तोंडून निघतंच, "कशाचा?"

मामा निवृत्त होऊन खेड तालुक्यातल्या आपल्या गावी गेले. एका गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, मी भेटायला गेलो. पेढे नेले होते; त्या दिवसाबद्दल बोलायचंही ठरवलं होतं. ते गव्हाणीची डागडुजी करत होते. टेप माझ्या हातात देत म्हणाले, "साडेसात फुटांची फळी आहे, सव्वा फुटाचे तुकडे पाहिजेत. किती निघतील?"

"तीस पाव, पाच-पाचच्या जुड्या. सहा."

"आणि करवत खाईल ते?"

शेअरिंगला भुसा पडत नाही, करवतीला पडतो. मी पेढ्यांचा पुडा बाजूला ठेवला आणि फळी पुन्हा मोजायला घेतली.