तामलवाडीच्या वाटेवरची शिदोरी

सोलापूरहून तुळजापूरला तुम्ही एकदा तरी गेला असालच. तामलवाडीच्या टोलनाक्यावर गाडी थांबते, मुलं पाणी मागतात आणि गावाकडे न पाहताच आपण पुढे निघतो. सगळं लक्ष आईच्या दर्शनाकडे! पण मैत्रिणींनो, हे गाव कोजागिरीला पाहावं. दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर तुळजाभवानी पलंगावर निद्रा घेते, ती आश्विन पौर्णिमेपर्यंत. त्या पौर्णिमेसाठी सोलापुरातून, कर्नाटकातून हजारो माणसं पायी निघतात. रस्ता वाहनांना बंद असतो. वाट जवळजवळ 45 किलोमीटरची, आणि तामलवाडी साधारण निम्म्यावर. पाय बोलायला लागतात ते इथेच.

वाटेत चहा, केळी, खिचडी वाटणारे पुष्कळ. त्यांच्या भावाला नावं ठेवायची नाहीत, पण मागे उरणारा द्रोण-पत्रावळींचा खच पाहवत नाही. शिवाय रात्री दोन वाजता, मूल पेंगुळलेलं असताना, रांगेत कोण उभं राहणार? पिशवीतून काढून चालता चालता खाता येईल असं काहीतरी घरचंच हवं. आमच्या घरी त्यासाठी बेदाण्याच्या बिस्किटवड्या होतात.

बेदाणा मात्र मी शहरातून आणत नाही. तामलवाडी, काटी, सावरगाव हा पट्टा द्राक्षांचा. उन्हाळ्याच्या तोंडी जवळच्या एका शेतावर गेले, तर जाळ्यांच्या मांडवात एकावर एक थर लावून द्राक्षं सावलीत वाळत होती. चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो बेदाणा! दोन आठवडे वाळायला लागतात. तेवढ्यात अवकाळी पाऊस आला, की हिरवा-पिवळा व्हायचा तो माल काळपट पडतो. काड्या निवडत बसलेली मालकीण म्हणाली, “बाई, चवीला ह्योच गोड बघा. पर रंग गेला की भाव मिळंना.” 2025 च्या सप्टेंबरात धाराशिव आणि सोलापुरात अतिवृष्टी झाली, तेव्हापासून मला तिचं बोलणं फार आठवतं. वर्षभराचा खर्च बागेवर झालेला असतो, आणि पैसे मात्र आपण रंगाला मोजतो. वडीत तर बेदाणा शिजून काळाच होणार. मग लखलखीत कशाला हवा? बारीक, काळपट घ्या. फक्त बुरशीचा वास नाही ना, तेवढं पाहा.

दोनशे ग्रॅम बेदाणा कोमट पाण्यात दोनदा धुऊन घ्या. शंभर ग्रॅम बिया काढलेला खजूर आणि अर्धी वाटी पाणी घालून मंद आचेवर शिजवा, घोटा, वर अर्ध्या लिंबाचा रस पिळा. सारण पातळ राहता कामा नये, नाहीतर खालचा थर ओला होतो. दोन वाट्या कणीक, अर्धी वाटी ज्वारीचं पीठ (आपल्या भागात ते नसेल असं घर नाही, आणि खुसखुशीतपणा त्यानेच येतो), पाऊण वाटी पिठीसाखर, अर्धा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ. त्यात पाऊण वाटी घट्ट तूप चोळा. मूठ वळली की ती टिकली पाहिजे. न टिकली तर चमचा-दोन चमचे दूध. अर्ध्याहून थोडं जास्त पीठ तूप लावलेल्या ताटलीत दाबून बसवा, वर सारण पसरा, उरलेलं पीठ भुरभुरा, त्यावर शेंगदाण्याचा जाडसर कूट.

ओव्हन असेल तर 180 अंशांवर अर्धा तास. नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात वाळू घालून दहा मिनिटं तापवा, तिवईवर ताटली ठेवा, झाकण लावा आणि मंद आचेवर पाऊण तास धीर धरा. दिवाळीत पिठाचे डबे घेऊन बेकरीत नानकटाई भाजायला जायचो, तशी सोय जवळ असेल तर आणखी उत्तम. वड्या गरम असतानाच कापा, पण निवल्याशिवाय ताटलीतून उचलू नका, मोडतात.

पत्र्याच्या डब्यात आठवडाभर राहतात. वाटेला निघताना जुन्या सुती कापडात चार-चार बांधून प्रत्येकाच्या पिशवीत द्या, म्हणजे कचरा नाही आणि भांडणही नाही. ज्यांचा उपवास असेल त्यांच्यासाठी सारण थोडं जास्त शिजवून, दाण्याचा कूट घालून लाडू वळायचे. पिठाचा स्पर्श होण्याआधीच ते बाजूला काढून ठेवा.