बांधलेल्या होडीवरचा बाजार

न्यू टाउनला राहायला आल्यावर पहिले सहा महिने मी लिफ्टमधल्या आरशाशीच काय ते बोलले असेन. मुलाची नोकरी कोलकात्यात, म्हणून यांच्या निवृत्तीनंतर आम्ही पुण्याचं घर बंद केलं आणि इकडे आलो. रुंद रस्ते, उंच इमारती, आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. आमच्या सोसायटीचा माळी सांगायचा, इथे पूर्वी भातशेती होती आणि ‘भेरी’, म्हणजे मासे पाळायची मोठमोठी तळी. आता भाजीसुद्धा गारठलेल्या दुकानातून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली आणायची. घासाघीस नाही की कोथिंबिरीची फुकट काडी नाही.

दीदीशी ओळख झाली ती माशांमुळे. ती नवव्या मजल्यावर, आम्ही सहाव्या. एकदा माझ्या पिशवीतून पापलेटाची शेपटी डोकावताना तिनं पाहिली आणि विचारलं, “तुम्ही मराठी लोक मासे खाता?” म्हटलं, “बाई, मी मालवणची!” झालं. त्या दिवसापासून तिच्या घरचा इलिश माझ्याकडे आणि माझी सोलकढी तिच्याकडे. (सोलकढी तिला आवडते की केवळ भिडेखातर पिते, हे मला अजून कळलेलं नाही.) ती मला ‘भाई’ म्हणते. जुन्या वळणाच्या बंगाली बायका मैत्रिणीला असं म्हणतात. आमच्या यांना पहिल्यांदा ऐकून हसूच फुटलं होतं.

दीदी शाळेत शिक्षिका होती. नवरा गेल्यापासून मुलाकडे राहायची, आणि तिच्याजवळ तिची आई, मासिमा. मासिमांचं वय ब्याऐंशी. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून चाकांच्या खुर्चीतच असत. कान तिखट, जीभ त्याहून तिखट, पण आठवण मात्र अधूनमधून दगा देई.

२०१८ च्या नोव्हेंबरात दीदी आणि मी चक्क थायलंडला जाऊन आलो. माझी भिशी लागली होती, आणि तिनं गाठीला थोडे पैसे ठेवले होते. मुलांनी “दोघीच?” असं विचारलं, तेव्हा आम्ही दोघींनी एकदमच “दोघीच” म्हटलं.

बँकॉकपासून शंभरेक किलोमीटरवर, राचबुरी प्रांतात दाम्नोएन सादुआक नावाचा कालवा आहे. राजा चौथा राम याच्या काळात तो खणायला घेतला आणि १८६८ मध्ये पुरा झाला. बत्तीस किलोमीटर लांबीचा हा कालवा दोन नद्यांना जोडतो. पूर्वी त्या भागात रस्ताच नव्हता. घराचं दार कालव्यावर उघडायचं, तेव्हा बाजारही होडीतूनच यायचा, जायचा. आता रस्ते झाले, आणि बाजार राहिला तो मुख्यतः आमच्यासारख्या हौशी लोकांसाठी. लवकर पोचावं, तरच जरा खरा बाजार दिसतो म्हणतात. आमची बस पोचली दहाला! तोवर कालव्यात होड्यांची अशी दाटी, की पाणी दिसेना. गवती टोप्या घातलेल्या बायका होडीतच शेगडी पेटवून शेवयांचं सूप करत होत्या. काठावरचे दुकानदार आकडी लावलेल्या काठीनं आमची होडी ओढून घेत आणि गणकयंत्रावर किंमत टाइप करून समोर धरत. दीदी त्याच यंत्रावर निम्मी किंमत टाइप करून परत देई. एका शब्दाची भाषा येत नसताना तिनं लाकडी हत्ती तिसऱ्या हिश्शात मिळवला. मग आम्ही नारळाच्या करवंटीतलं आइस्क्रीम खाल्लं, आंबा घातलेला चिकट भात खाल्ला. मजा आली, खोटं कशाला बोलू?

परत आल्यावर दीदीनं मासिमांना फोटो दाखवले. म्हातारीनं चष्मा कपाळावर सरकवून एकेक फोटो नाकाशी धरून पाहिला. मग म्हणाल्या, “हे बघायला विमानानं गेलात? आमच्याकडे तर हाच हाट होता.”

मासिमा बरिशालच्या. आता तो भाग बांगलादेशात आहे. सगळा नद्यांचा आणि खालांचा, म्हणजे ओढ्यांचा मुलूख. त्या भागात झालकाठीजवळ भीमरुलीला आजही पावसाळ्यात पेरूचा बाजार पाण्यावर भरतो. शेतकरी बागेतून पेरू तोडून लहान होडीत भरतात आणि थेट खालाच्या तिठ्यावर येतात. व्यापारी मोठ्या होड्या घेऊन तिथे थांबलेलेच असतात. मासिमा वडिलांच्या होडीत नारळांच्या राशीवर बसून हाटाला जायच्या. १९५० साली दंगली झाल्या, आणि चौदा वर्षांच्या मासिमा आईवडिलांबरोबर कोलकात्याला आल्या. जादवपूरकडच्या निर्वासितांच्या वसाहतीत बांबूच्या झोपडीत राहिल्या. पुन्हा बरिशाल पाहिलं नाही.

त्या दिवसापासून मासिमांनी एकच घोशा लावला, “मला हाटाला न्या.”

मला एकदम आठवलं पाटुली. कोलकात्याच्या दक्षिण टोकाला, बायपासच्या कडेला, पाटुलीच्या तळ्यात थायलंडच्या धर्तीवर तरंगता बाजार सुरू झाला होता तो त्याच वर्षीच्या, म्हणजे २०१८ च्या जानेवारीत. शंभरावर होड्या, त्यांवर दोनशेहून जास्त दुकानं. वर्तमानपत्रांनी ‘देशातला पहिला तरंगता बाजार’ असं कौतुक केलं होतं. श्रीनगरच्या दल सरोवरात कितीतरी आधीपासून पहाटे शिकाऱ्यांतून भाजी विकली जाते, ते बिचारे काही बोलले नाहीत. पाटुलीच्या बाजारामागचं कारण मात्र साधं होतं. बायपास रुंद करायचा, तर रस्त्याकडेचा जुना बाजार हलवायला हवा. जागा नाही, तळं आहे. तेव्हा भाजीवाले, मासेवाले, चहावाले सगळे पाण्यावर गेले.

दीदी ऐकेना. “भाई, रस्त्यात काही झालं तर? तिला तिथलं काही ओळखू आलं नाही, तर आणखी वाईट. मुलगा मला काय म्हणेल?”

खरं तर मी गप्प बसायला हवं होतं. दुसऱ्याच्या आईच्या बाबतीत आपण कोण? पण माझ्या आईला तिच्या माहेरी, कर्ली खाडीपलीकडच्या घरी, एकदा जायचं होतं. मी दर मे महिन्यात म्हणायची, पुढच्या वर्षी जाऊ. असे चार मे महिने गेले, आणि मग आई गेली. हे मी दीदीला कधी सांगितलं नव्हतं, ते त्या दिवशी सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग उठून मासिमांची गरम शाल शोधायला लागली.

जानेवारीतल्या एका सकाळी आम्ही निघालो. न्यू टाउन ते पाटुली म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं. मासिमा खिडकीशी बसल्या होत्या. सायन्स सिटी मागे पडल्यावर विचारलं, “नदी कधी लागणार?” दीदीनं माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर पाहायला लागले.

बाजार पाहिला आणि माझ्याच पोटात गोळा आला. थायलंड डोळ्यांपुढे ठेवून पाहिलं, तर काहीच नव्हतं. होड्या ओळीनं उभ्या, जागच्या जागी बांधलेल्या. मधून लाकडी फळ्यांच्या वाटा, गिऱ्हाइकानं त्यांवरून चालत जायचं. म्हणजे तिकडे होडी गिऱ्हाइकाकडे येते, इकडे गिऱ्हाईक होडीकडे जातं. पण भाजी ताजी, मासे तडफडणारे, आणि आरडाओरडा अस्सल. न्यू टाउनच्या गारठलेल्या दुकानानंतर मला तर तो गोंगाटच औषधासारखा वाटला. समोरच्या होडीवर तांबडा माठ आणि नवा गूळ पाहून माझे हात शिवशिवायला लागले.

थोडं पुढे गेलो आणि खुर्चीचं चाक दोन फळ्यांच्या फटीत अडकलं. मागे माणसांची रांग लागली. मी ढकलतेय, दीदी ओढतेय, मासिमा दोघींना शिव्या देताहेत. दीदीचे ओठ थरथरायला लागले. “मी म्हटलं होतं ना भाई,” एवढंच ती म्हणाली. शेवटी एका मासेवाल्यानं आणि त्याच्या गिऱ्हाइकानं मिळून म्हातारीसकट खुर्ची उचलली आणि कडेला, एका फळवाल्याच्या होडीसमोर ठेवली.

फळवाला तिशीतला असेल. समोर बोरं, संत्री आणि पेरूंचा ढीग. मासिमांची नजर पेरूंवर गेली. त्यांनी हात पुढे केला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, “ओ मनु, नौका जवळ घे!”

होडी तर घट्ट बांधलेली. मी दीदीकडे बघायचं टाळलं. आसपासचे दोघंतिघं हसले. फळवाला मात्र हसला नाही. त्यानं मान वर करून विचारलं, “आजी, तुम्ही बरिशालच्या?”

‘मनु’ हा शब्द बरिशालचा. लहान-धाकट्याला हाक मारायची तर तिकडची माणसं ‘मनु’च म्हणतात. त्याची आजी त्याला तशीच हाक मारायची. तीही तिकडूनच आलेली, ह्याच भागातल्या वसाहतीत राहिलेली. रस्त्याकडेचं दुकान आधी आजोबांचं, मग वडिलांचं. तो मला म्हणाला, “आजोबांनी पाणी सोडून जमिनीवर दुकान थाटलं, आणि मी जमीन सोडून पुन्हा पाण्यावर.” सुरुवातीला त्याला म्हणे दिवसभर होडीत उभं राहून गरगरायचं.

मासिमांना ह्या इतिहासाशी काही घेणं नव्हतं. त्या पुन्हा म्हणाल्या, “मनु, होडी हलव की.”

त्यानं तराजू खाली ठेवला. होडीच्या एका कडेला पाय रोवला, मग दुसऱ्या कडेला, आणि सगळं वजन टाकून होडी डोलवायला सुरुवात केली. दोर ताणले गेले, फळ्या करकरल्या, दोन संत्री घरंगळून पाण्यात गेली. शेजारचा कांदेवाला ओरडला. हा आपला डोलवतोय. फळ्यांखाली पाणी चुबुक चुबुक वाजायला लागलं. मासिमा डोळे मिटून, खुर्चीचे हात धरून बसल्या होत्या, होडीत बसतात तशा, जराशा पुढे वाकून.

मग डोळे उघडले आणि व्यवहाराला लागल्या. “पेरू कुठले?”

“बारुईपूरचे, आजी.”

“हं. आमच्यासारखे नसणार. कसे दिले?”

त्यानं चार पेरू पिशवीत घालून हातात दिले, म्हणाला, पैसे नकोत. म्हातारी भडकली. “हाटात फुकट घेतात का कुणी? वजन कर!” त्यानं निमूट वजन केलं. मासिमांनी भाव पाच रुपयांनी पाडला आणि पदराच्या गाठीतून स्वतः नोटा मोजून दिल्या. दीदी पाण्याकडे तोंड करून उभी होती. मी गूळ घ्यायला गेले, आणि मुद्दाम जरा वेळ लावला.

पुढे त्या बाजाराचे दिवस फिरले. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली, मे महिन्यात अंफान वादळानं शहराला झोडपलं. गिऱ्हाईक कमी झाल्याच्या, होड्या कुजून पाण्यात बसल्याच्या बातम्या येऊ लागल्या. त्या फळवाल्याचं काय झालं, ते आम्हाला कळलं नाही. आम्ही त्याचं नावही विचारलं नव्हतं. ‘मनु’ म्हणून शोधायचं तरी कसं?

मासिमाही २०२१ च्या हिवाळ्यात गेल्या.

त्या दिवशी परतीच्या वाटेवर त्या गाडीत झोपल्या होत्या, पिशवी मांडीवर घट्ट धरून. पेरू कच्चे होते. ते त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर ओळीनं मांडून ठेवले आणि तीन दिवस कुणाला हात लावू दिला नाही. चौथ्या दिवशी सकाळी मी पोळ्या करत असताना दीदीचा फोन आला.

“भाई, लवकर वर ये. आईनं पेरू कापलाय. तुझा वाटा ठेवलाय, पण तिच्या मनात काही भलतंच दिसतंय.”

मी तवा उतरवला आणि लिफ्टची वाट न बघता जिन्यानंच वर गेले.