पाचवीचा कोरा कागद

37 आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या फुप्फुसांत सर्फॅक्टंट हे द्रव्य बरेचदा अपुरे असते. श्वास सोडला की वायुकोश मिटतात. बाळ काचेच्या पेटीत, नळ्यांच्या आधारावर राहते.

याच दिवसांत पाचवी येते. पाटा-वरवंटा पुजून, सटवाईने नशीब लिहावे म्हणून कोरा कागद आणि लेखणी ठेवण्याची रीत आहे. बाळ अतिदक्षता विभागात असले की आईबाप ते नशीब मॉनिटरवरच्या आकड्यांत वाचू लागतात.

श्रद्धा तिथे दोन वाटांनी येते. पहिली वाट नवसाची. त्यात देवाशी बोली असते: बाळ घरी आले तर ओटी भरू, पायी येऊ. दुसरी वाट सावकाश उमगते, बाळाला छातीशी धरून बसताना. 1978 मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे कांगारू पद्धत सुरू झाली. तीत बाळाला आईच्या उघड्या छातीशी तासन्‌तास धरतात. तिच्या उबेने त्याचे अंग गरम राहते, श्वासाची लय सावरते. त्या बैठकीत मागणे हळूहळू ओसरते, नुसते सोबत असणे उरते. नवसाची श्रद्धा फळावर टिकते; ही दुसरी, कूस रिकामी झाली तरी मागे राहू शकते.