दोनशे वर्षांची वीट

१/ सन १९११-१२. सिंध प्रांतातील लारकाना जिल्ह्यात, सिंधू नदीजवळच्या एका ओसाड टेकाडाची पाहणी करण्यास देवदत्त रामकृष्ण भांडारकर आले. प्राच्यविद्यापंडित रा. गो. भांडारकरांचे हे पुत्र पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागाचे अधीक्षक होते आणि सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात मोडत असे. टेकाडाचे नाव मोहेंजोदडो.

२/ त्यांनी विखुरलेल्या भाजक्या विटा पाहिल्या आणि निर्णय दिला: विटा आधुनिक घडणीच्या आहेत, कोरीव मृण्मय अवशेष मुळीच नाहीत, सबब हे गाव सुमारे दोनशे वर्षांपूर्वीचे असावे. वास्तविक त्यांच्या पायाखाली साडेचार हजार वर्षांपूर्वीचे नगर होते.

३/ हा निर्णय उथळ माणसाचा नव्हता. याच भांडारकरांनी पुढे १९१३ ते १९१५ या काळात बेसनगरचे महत्त्वाचे उत्खनन केले. परंतु भारतातील नगरांचा ज्ञात पुरावा तेव्हा बुद्ध-मौर्य काळाच्या फारसा मागे जात नव्हता. सिंधू नगरांतील विटा मात्र ठरावीक प्रमाणाच्या: जाडीच्या दुप्पट रुंदी, चौपट लांबी. इतकी नेटकी वीट इतकी जुनी असेल, ही कल्पनाच कोणाच्या मनात नव्हती. विटेचा चांगुलपणाच तिच्या प्राचीनतेच्या आड आला.

४/ पंजाबातील हडप्पा येथेही हेच घडले होते. एकोणिसाव्या शतकात तेथील विटा उपसून लाहोर-मुलतान लोहमार्गाच्या बांधकामात वापरल्या गेल्या. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी तेथील एक मुद्रा प्रसिद्धही केली. पण तिच्यावरील बैलाला वशिंड नाही, अक्षरे अनोळखी आहेत, म्हणून ती परदेशी ठरवली.

५/ १९१९ मध्ये राखालदास बॅनर्जी मोहेंजोदडोला आले. त्यांना गारगोटीचे एक तासण्याचे हत्यार सापडले. दोनशे वर्षांच्या गावात दगडी हत्यार कशाला असेल? १९२२ मध्ये त्यांनी खोदकाम सुरू केले आणि मुद्रा मिळाल्या. १९२१ पासून हडप्पा खणणाऱ्या दयाराम साहनींच्या हाती आलेल्या मुद्राही तशाच होत्या. शेकडो किलोमीटर दूर असलेल्या दोन नगरांची लिपी एकच निघाली.

६/ २० सप्टेंबर १९२४ रोजी जॉन मार्शल यांनी ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मधून हा शोध जगापुढे मांडला. काही दिवसांतच मेसोपोटेमियाच्या अभ्यासकांनी आपल्याकडील तशाच मुद्रांकडे लक्ष वेधले आणि भारतीय इतिहासाचा आरंभ हजारो वर्षे मागे सरकला.

७/ मार्शल यांच्या हाताखाली मोहेंजोदडो खणणाऱ्यांत काशिनाथ नारायण दीक्षित हे आणखी एक मराठी संशोधक होते. नगराचा एक भाग आजही त्यांच्या आडनावावरून ‘डीके’ म्हणून ओळखला जातो. पुढे ते पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले.

८/ भांडारकरांचे नाव या प्रकरणात बहुधा थट्टेने घेतले जाते. त्यात एक गोष्ट निसटते. त्यांनी केवळ निर्णय दिला नाही, त्याची कारणेही लिहून ठेवली: विटांची घडण आणि कोरीव कामाचा अभाव. कारणे लेखी असल्यामुळेच ती नव्या पुराव्याशी ताडून पाहता येतात आणि खोडताही येतात. कारणांवाचून दिलेला निर्णय बरोबर निघाला, तरी पुढच्या अभ्यासकाला त्यातून शिकण्यासारखे काही उरत नाही.

९/ मोहेंजोदडोचा मोठा भाग अजून मातीखालीच आहे. तेथील लिपी अद्याप वाचता आलेली नाही. आज ठामपणे सांगितली जाणारी कोणती विधाने उद्या ‘दोनशे वर्षांची वीट’ ठरतील, हे त्या मातीलाच ठाऊक.