कुलवृत्तांतातील कोरे पान

बडोद्याच्या मराठी घरांत देव्हाऱ्याच्या खालोखाल मान असतो तो कुलवृत्तांताला. पिलाजीराव गायकवाडांच्या काळी कोणता पूर्वज इकडे आला, कोणास कोणते गाव इनाम मिळाले, हे दांडिया बाजारातील वडीलधारी मंडळी आजही उत्साहाने सांगतात. मूळ मुलखापासून दूर राहणाऱ्यास मुळांची ओढ अधिक, हे साहजिकच आहे. आमच्या मावसबहिणीच्या घरातील एका दुखण्याने मात्र या ग्रंथाचे एक पान कोरेच असल्याचे आमच्या ध्यानी आले. वाचकांच्या घरीही ते कोरे असण्याचा संभव आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

तिच्या मुलास तिशीत पहाटेच्या वेळी विचित्र झटके येऊ लागले. दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी, असंबद्ध बोलणे. उपवासाच्या दिवशी तर हमखास. कोणी फेफरे म्हणून औषधे दिली, कोणी बाहेरची बाधा ठरवून गंडा बांधला. गूळपाणी पोटात गेले की स्वारी पूर्ववत्! अखेर एका अनुभवी डॉक्टरांनी ऐन झटक्याच्या वेळी रक्त तपासले. साखर पार उतरलेली, तरीही इन्शुलिन चढलेले. स्वादुपिंडात हरभऱ्याएवढी गाठ होती, आणि ती वेळीअवेळी इन्शुलिन ओतीत होती.

स्वादुपिंड म्हणजे जठरामागे आडवी पसरलेली ग्रंथी. तिच्यातील पेशींची इवली बेटे १८६९ साली लांगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने प्रथम वर्णिली. इन्शुलिन तेथेच तयार होते. त्याची उणीव म्हणजे मधुमेह, हे आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. त्याचा अतिरेकही जिवावर बेततो, हे फारसे कोणास ठाऊक नसते. अशा गाठी दुर्मीळ असतात. इन्शुलिन स्रवणाऱ्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात व शस्त्रक्रियेने रोगी बरा होतो. ‘न्यूरोएंडोक्राइन’ या त्यांच्या मोठ्या कुळात जहाल गाठीही आहेत. अभिनेते इरफान खान यांनी २०१८ साली आपल्या आजाराचे हे नाव स्वतः जाहीर केले, तेव्हा अनेकांनी ते प्रथमच ऐकले. २९ एप्रिल २०२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांनी अनपेक्षित प्रश्न केला: “आईला कधी मुतखडा झाला होता का?” झाला होता; दोनदा. तपासणीत तिच्या रक्तातील कॅल्शियम वाढलेले निघाले, कारण गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथी बिघडल्या होत्या. तिच्या वडिलांविषयी माहेरच्या कुलवृत्तांतात एवढेच सापडले, की पोटातील व्रण फुटून ते निवर्तले. स्वादुपिंडातील किंवा त्यालगतची दुसऱ्या प्रकारची गाठ जठरात आम्ल वाढवून वारंवार व्रण पाडते, असे डॉक्टरांनी सांगितले. तीन पिढ्यांची तीन दुखणी एका धाग्यात आली. वैद्यक या विकारास ‘मेन-१’ म्हणते. पॅराथायरॉइड, स्वादुपिंड आणि मेंदूच्या तळाची पिट्युटरी, या ग्रंथींत त्याच्या गाठी होतात. पॉल वर्मर यांनी तो घराण्यातून उतरत असल्याचे १९५४ साली मांडले. ११ व्या गुणसूत्रावरील त्याचे जनुक १९९७ साली हाती लागले. मायलेकांच्या रक्तात त्या जनुकाचा दोष निघाला. अशा रोग्यात गाठी बहुधा अनेक असतात, म्हणून शस्त्रक्रियेत सारे स्वादुपिंड तपासण्यात आले.

हा दोष ज्याच्या अंगी आहे त्याच्या प्रत्येक अपत्यास, मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याचा संभव निम्मा असतो. आमचे कुलवृत्तांत मात्र मुलगी ‘अमुक घराण्यात दिली’ एवढे नोंदवून थांबतात. दत्तकाचेही तसेच. कवळाण्याचे गोपाळराव १८७५ साली दत्तक येऊन सयाजीराव महाराज झाले. दत्तविधानाने घराणे बदलते, रक्त बदलत नाही.

मावसबहिणीने इंदूर व ग्वाल्हेर येथील आपल्या दोघा भावांना सविस्तर पत्रे लिहिली. इंदूरचे भाऊ रक्त तपासून आले. ग्वाल्हेरच्या वहिनींनी कळवले, “मुलीचे लग्न व्हायचे आहे, वन्सं, कृपा करून पुन्हा लिहू नये.” त्या माउलीची भीती आम्ही समजू शकतो, स्थळे कोणत्या कारणावरून मोडतात, हे बाहेरगावच्या मराठी समाजास सांगावयास नको. परंतु लोकांपासून झाकणे वेगळे आणि लेकरांपासून झाकणे वेगळे. दोष आधी कळला, तर दरवर्षीच्या तपासणीत गाठ लहान असतानाच सापडू शकते. न कळला, तर वर्षे फेफऱ्याच्या औषधांत जातात. मावसबहिणीने मग थेट भाचीलाच लिहिले. तपासणी कोठे होते, एवढेच त्या मुलीने उलट विचारले आहे.

प्रत्येक मुतखडा वा प्रत्येक व्रण या विकाराचा नसतो. वाचकांनी विनाकारण धास्ती घेऊ नये. शाळेच्या दाखलवहीत आम्ही जन्म, जात, गाव सारे लिहून घेतो. कोणत्या दुखण्याने कोण, कितव्या वर्षी गेले, हे घरातल्यांनीच लिहावयाचे असते. येत्या दिवाळीत मंडळी जमतील. आत्या-मावश्यांना जवळ बसवून, दिलेल्या लेकींसह, तेवढी नोंद करून ठेवावी, ही आमची विनंती.